एकदा उचललेला फोन

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी शहापूरच्या नाक्यावर माझी धाकटी बहीण संगी मला भेटायला उभी होती. मुरबाडहून एसटीनं आली होती, हातात तांदळाच्या पापड्यांचा डबा. बाबा गाडीच्या टपावर माझी बॅग बांधत होते. संगी दिसली तशी त्यांनी चांगली घट्ट बसलेली दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. ती डबा देऊन मागे सरेपर्यंत त्यांची गाठ काही बसेना. मग खाली उतरून मला म्हणाले, "पोचलीस का फोन कर गो. थोडं बोल, पन कर."

बाबा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी एवढंच ठरवलं होतं, की आपल्या पोरी आतल्या खुर्चीवर बसतील. मी कॉम्प्युटर शिकले. संगीनं डी.एड. अर्धवट सोडून मुरबाडच्या एका जीपवाल्याशी लग्न केलं. जावई आपल्यातलाच, सरळ, कष्टाळू. बाबांचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. शिक्षण सोडलं, ते त्यांना लागलं होतं. "तिनं मला इचारलं नाय. आता मी तिला इचारनार नाय," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. पण मीही त्यांचीच मुलगी. आमच्या किन्हवलीच्या घरात बसून या दोघांना बोलतं करणं जमलं नाही, ते साता समुद्रापलीकडून जमवायचंच, असं मी विमानात बसतानाच ठरवलं. कसं, ते अर्थात ठाऊक नव्हतं.

कंपनीनं मला हायवेच्या कडेच्या एका हॉटेलात ठेवलं. इंडियन किराणा दुकानातून फोनचं कार्ड आणलं, नाण्यानं खरवडून नंबर काढला आणि खुशाल घरी बोलत सुटले. आठवड्याचं बिल हातात पडलं तेव्हा डोळे उघडले. कार्ड माझं, तरी खोलीतला फोन जितक्यांदा उचलला तितक्यांदा हॉटेलनं वेगळे पैसे लावले होते. मी डेस्कवर जाऊन भांडले. तिथली मुलगी फार गोड हसली आणि बिल होतं तेवढंच राहिलं. लॉबीतल्या पब्लिक फोनवरून करावं, तर कार्डवाले जास्तीची मिनिटं कापायचे. शेवटी कार्डामागचा बारीक मजकूर डोळ्याजवळ धरून वाचला. एक बोलणं संपलं की रिसीव्हर ठेवायचा नाही. हॅशचं बटण दाबून धरायचं आणि पुढचा नंबर लावायचा. हॉटेलच्या लेखी तो एकच फोन. तुमच्यापैकी जे त्या वर्षांत असे खोल्या-खोल्यांतून राहिलेत, त्यांच्या बोटांना हे अजून पाठ असेल.

तेव्हापासून माझी शनिवारची संध्याकाळ म्हणजे तिकडची रविवारची सकाळ झाली. आधी किन्हवलीच्या नाक्यावरचं किराणा दुकान. तिथं आई-बाबा ठरल्या वेळेआधीच येऊन बसायचे, नाहीतर त्यांना बोलावून आणण्यातच मिनिटं संपायची. मग हॅश, आणि मुरबाड. तिथं जावयानं गाडीच्या भाड्यांसाठी फोन घेतला होता. दर वेळी नंबर लागण्याआधी कार्डातली बाई इंग्रजीत सांगायची, इतकी मिनिटं उरली. बाबांनाही मी तिच्याबद्दल सांगितलं होतं.

आई थंडीचं विचारायची, जेवणाचं विचारायची, मग बाबा यायचे. त्यांचं बोलणं संपत आलं की मी म्हणायचे, "बाबा, आता मुरबाडला लावतेय. काही सांगू?" पलीकडे दुकानातल्या तराजूत काहीतरी पडल्याचा आवाज यायचा आणि बाबा म्हणायचे, "ठेव." पुढच्या शनिवारी मी पुन्हा तेच विचारायचे. संगीलाही सोडलं नाही. तिचं एकच, "पोर अंगावर पितंय ताई, कवा शिकू?" मी म्हणायचे, पोर झोपलं की शिक. ती चिडायची, फोन ठेवायची. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

एका शनिवारी संगी म्हणाली, राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म भरला. पुढच्या वेळी मी ते बाबांना सांगितलं.

"ती बाई किती मिनिटं बोलली?" बाबांनी विचारलं.

"वीसेक आहेत."

"मंग आमच्यावर कशाला घालवतंस? तिकडं लाव."

त्यानंतर ते स्वतः दोन वाक्यांवर बोलले नाहीत आणि आईलाही बोलू देईनात. "मला माझ्या पोरीशी बोलू तरी द्या!" आई पलीकडून ओरडायची. मी हॉटेलच्या पलंगावर रिसीव्हर कानाला धरून हसायचे आणि तशीच रडायचेही.

आता फोन फुकट झालेत, चेहरेही दिसतात. घर कुठलं असं इथं कुणी विचारलं की तोंडातून किन्हवली येतं. पण डोळ्यांपुढे येतं ते मुरबाडचं घर, जिथं मी एक रात्रही राहिले नव्हते. त्याला कारण एक शनिवार आहे.

त्या दिवशी किन्हवलीला दुकानदारानं फोन उचलला. "आज नाय आले गो तुजे आई-बाबा." ते कधी चुकले नव्हते. मी रिसीव्हर ठेवला नाही. हॅश दाबलं, मुरबाड लावलं. पलीकडे पोराचं रडणं ऐकू आलं आणि त्यावर एक आवाज.

"बोल गो."

"बाबा? तुम्ही तिथं कसे?"

"उद्या तिची परीक्षा हाय. पोराला कोन बघल? तुजी आई पेज देते त्याला."

"मग तिला द्या ना जरा फोन."

"नाय. अभ्यासाला बसलीय, उठवू नको तिला. ती बाई किती बोलली?"

मी सांगितलं.

"लय हायत," बाबा म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग अगदी निवांत, जणू आत्ताच फोन लागलाय तसं त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"