चिमूटभर वाळू

मधल्या बोटाचं पेर वाकवून मेस्त्री भिंतीवर टकटक करायचे आणि कान लावायचे. एकदा, दोनदा, मग हातभर पुढे सरकून पुन्हा. जेवणाची घंटा झाली की निघालेला हा माणूस अरुंद व्हरांड्यात असा थांबायचा आणि मागची रांग अडायची. "अहो मेस्त्री, भात निवतोय," असं कुणीतरी ओरडायचं. "निवू द्या. भिंत काय बोलते ती जरा आयकू द्या," असं म्हणून ते पुढच्या खांबाकडे वळायचे.

वृद्धाश्रमात प्रत्येकाचं एक खूळ असतं. तुम्ही कधी अशा ठिकाणी गेला असाल तर पाहिलंच असेल. कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्या जमवतं, कुणी दिवसातून दहादा कपाटाचं कुलूप ओढून बघतं. मेस्त्रींची टकटक आम्ही त्याच यादीत टाकली होती. आम्ही म्हणजे ऑफिसात बसणारे, स्वतःला शहाणे समजणारे.

मी तिथे पोचलो तो निवृत्तीनंतर. मुंबईच्या सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं मसुदे लिहिले, बोळिंजला फ्लॅट घेतला आणि घरी बसून बायकोच्या पायात पायात येऊ लागलो. आमच्याकडे येणाऱ्या वटार गावच्या भाजीवालीने तिला सांगितलं की आश्रमाला महापालिकेशी पत्रव्यवहार करायला माणूस हवाय. बायकोने मला दुसऱ्याच दिवशी रिक्षात बसवून दिलं. आश्रम ख्रिस्ती संस्थेचा. एका फादरांनी केळीच्या वाडीत तो उभा केला होता आणि येणाऱ्याची जात, धर्म कधी विचारला नव्हता. फादर केव्हाच गेले. आता एक सिस्टर सगळं बघत आणि वर एक समिती होती.

मेस्त्री खाडीकाठच्या आगरी गावातले. बाप मिठागरात राबला, पोरगा गवंडी झाला. आश्रमाची इमारत त्यांनीच बांधली होती. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा फादरांनी त्यांना सांगितलं होतं, "तू बांधलंस, तूच राहा. मरेपर्यंत." तोंडी. फादरांच्या काळात तोंडी बोललेलं पुरत असे. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला मेस्त्री न चुकता शेवटच्या बाकावर बसत. मी एकदा चेष्टेने विचारलं, "मेस्त्री, बाटलात की काय?" तर म्हणाले, "छे! तिथं पंखा चांगला हाय." पण सिस्टर आजारी होत्या त्या आठवड्यात हाच माणूस गणपतीच्या देवळात नारळ फोडून प्रसाद घेऊन आला होता, आणि सिस्टरनी तो खाल्लाही होता.

त्यांचा एक शेरा आश्रमात प्रसिद्ध होता. समितीचे अध्यक्ष इस्त्रीचा सफारी घालून आले की मेस्त्री मला हळूच म्हणत, "गिलावा बरा हाय." नाताळच्या केकवर, निवडणुकीच्या उमेदवारावर, दूरदेशीहून आलेल्या एखाद्याच्या गोऱ्यागोमट्या सुनेवर, सगळ्यांवर हाच शेरा. मी मोठ्या अभिमानाने महापालिकेला लिहिलेलं पत्र त्यांना वाचून दाखवलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गिलावा बरा हाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

दर मे महिन्यात ते घमेलं, थापी आणि तारेचा ब्रश घेऊन इमारतीभोवती फिरत. जिथे भिंत पोकळ वाजायची तिथला पोपडा पाडायचा, आतल्या सळईवरचा गंज खरवडायचा, लाल रंग लावायचा, वरून पुन्हा गिलावा. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सिस्टर रागवायच्या, "पडाल कधीतरी!" ते म्हणत, "मी पडलो तर एक पडंल." या वाक्याचा अर्थ आम्हाला कुणालाच लागला नाही. लावायचा प्रयत्नही केला नाही.

मग पुनर्विकास आला.

महापालिकेची नोटीस आली, समितीने इंजिनिअर आणला, त्याने इमारत धोकादायक ठरवली आणि त्याच्या मागोमाग बिल्डर आला. त्याने भोजनघरात पडदा लावून एक फिल्म दाखवली. काचेची सात मजली इमारत, खालचे दोन मजले आश्रमाचे, वरचे विकायचे. फिल्ममधल्या म्हाताऱ्यांचे दात इतके पांढरे की आमची म्हातारी मंडळी त्यांच्याकडे संशयाने बघत राहिली. दोन वर्षं बोळिंजच्या एका टॉवरमध्ये भाड्याच्या फ्लॅटांत राहायचं आणि मग नव्या घरी यायचं, असा प्रस्ताव होता. त्यासाठी प्रत्येकाची सही हवी होती.

कुणी सही करेना. एकदा बाहेर पडलो की पुन्हा आत घेणार नाहीत, ही धास्ती. त्यांच्या पुढारी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. बाईंनी सभेत सरळ सांगितलं, "तुमचा इंजिनिअर तुमच्या पगारावर आहे. ही इमारत मेस्त्रींनी बांधलीय. ते म्हणाले पक्की आहे, तर आम्ही हलणार नाही. ते म्हणाले धोका आहे, तर आत्ता सही करतो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. सगळ्यांना मेस्त्रींचं उत्तर ठाऊक होतं. कुठला गवंडी आपलंच काम वाईट म्हणेल?

मेस्त्री खिडकीचा गज धरून उभे राहिले. मग म्हणाले, "इंजनेर खरं बोलतो."

"मेस्त्री, अहो काय सांगताय?" बाई म्हणाल्या.

"त्या साली नदीची वाळू मिळंना झालती. ठेकेदारानं ट्रक आनला. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. खाडीची वाळू. जन्म मिठागरात गेला, मिठाची चव मला कोन शिकवनार? फादरांना सांगितलं असतं तर त्यांनी काम थांबवलं असतं. पावसाला पंधरा दिवस राहिलेले, भिंती उघड्या. म्हटलं, धुऊन घेऊ. धुतली बी. मग विहिरीचं पानीच सरलं. निम्मी धुतली, निम्मी तशीच गेली." त्यांनी गज सोडला. "मिठानं सळ्या आतून खाल्ल्या. मी दर साली बुजवत आलो. आता माझ्या हातानं व्हत नाय. तुम्ही त्या स्लॅबखाली निजता. सह्या करा."

तेव्हा कुठे त्या टकटकीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. तो माणूस इतकी वर्षं स्वतःचीच चूक कुठवर पोचली ते ऐकत हिंडत होता. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले होते, हे आज लिहायला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्यानंतर मी काय केलं त्याची.

मी इतिवृत्त लिहिलं. ते माझं कामच होतं. जिभेवरची वाळू, सरलेलं पाणी, दर मे महिन्यातलं घमेलं, यातलं काही त्यात आलं नाही. मी लिहिलं, 'सदर इमारतीच्या बांधकामात आपल्याकडून गंभीर कसूर झाल्याचे त्यांनी मान्य केले.' सरकारी मराठीत असंच लिहितात. वाक्य वाचून अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

संमतिपत्राचा मसुदाही माझाच. 'इमारत पूर्ण झाल्यावर संस्थेच्या त्या वेळच्या नियमांनुसार पुनःप्रवेश देण्यात येईल.' 'त्या वेळच्या नियमांनुसार' हे शब्द अध्यक्षांनी घालायला सांगितले. अशा पळवाटा ठेवण्यात माझी हयात गेली. त्या कशासाठी ठेवतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मेस्त्रींनी सगळ्यांच्या शेवटी सही केली. अक्षरओळख बेताची आणि डोळ्यांत मोतीबिंदू. बोटाने कागदावर जागा चाचपत त्यांनी विचारलं, "परत येनार ना आपन?"

"लिहिलंय की तसं," मी म्हणालो.

"लिहिलंय म्हंजे झालं."

बोळिंजच्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर तीन फ्लॅट घेतले होते. माझ्या बिल्डिंगच्या समोरच. वाडी गेली, व्हरांडा गेला, चार पावलं चालायची सोय गेली. लिफ्ट बंद पडली की सगळे कोंडून. पहिल्याच वर्षात दोघं गेले. माणसं चिडली, आणि चिडून बिल्डरला काय करणार? त्यांनी मेस्त्रींना धरलं. "यांनी तोंड उघडलं नसतं तर आज आपण आपल्या घरी असतो." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाईंनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. जेवताना मेस्त्रींच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

जुनी इमारत पाडायला घेतली त्या दिवशी मी तिथे होतो. यंत्राचा पहिला धक्का लागला आणि वरच्या मजल्याचा अख्खा स्लॅब खाली बसला. ज्या खोलीवर बसला ती बाईंची खोली. पाडणारा मुकादम म्हणाला, "साहब, नसीब था बुढ्ढे लोगों का." मी धावत आठव्या मजल्यावर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात मेस्त्री आपण होऊन पुतण्याकडे खाडीकाठच्या गावी गेले. जाताना कुणाबद्दल तक्रार नाही. मला एवढंच म्हणाले, "नवीन झालं की कळवा. आपली खाट खालच्या मजल्यावर बघा, जिना जमत नाय."

दोनाची तीन वर्षं झाली. दरम्यान सिस्टरची बदली दूर कुठेतरी झाली. नवी इमारत मात्र खरंच फिल्ममधल्यासारखी उभी राहिली. परत घ्यायच्या माणसांची यादी समितीपुढे आली तेव्हा मेस्त्रींच्या नावावर अध्यक्ष थांबले. त्यांनी जुनी फाईल मागवली आणि माझं वाक्य मोठ्याने वाचलं. 'गंभीर कसूर.' मग चष्मा काढून म्हणाले, "ज्यांच्यामुळे संस्थेवर ही वेळ आली त्यांनाच आपण नव्या वास्तूत जागा द्यायची? लोक काय म्हणतील?"

त्या खोलीत खरी हकिगत स्वतः ऐकलेले दोघंच होतो, अध्यक्ष आणि मी. ज्या कबुलीच्या जोरावर तुम्ही बावीस सह्या मिळवल्या तिचाच दगड त्याच्या डोक्यात घालता, एवढं मला म्हणता आलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि 'सर्वानुमते' असं लिहिलं. मग नकाराचं पत्रही मीच लिहिलं. 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि...'

पत्र पोस्टात टाकायला जीव होईना म्हणून हातोहात द्यायला निघालो. आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं.

घरात दुसरं कुणी नव्हतं, मेस्त्री एकटेच ओट्यावर बसले होते. वाळले होते. मला आवाजावरून ओळखलं आणि दोन्ही हात पुढे केले. "पत्र आनलंत?"

"हो."

"वाचा. सगळं वाचा."

मी कागद उलगडला. 'तथापि' पर्यंत बरोबर वाचलं. पुढे मान वर केली तर त्यांचं तोंड उघडं होतं, प्रसादासाठी आ केलेल्या माणसासारखं. मी वाचलं, "तथापि खालच्या मजल्यावरील खाटेची व्यवस्था पूर्ण होताच आपणांस आणण्यासाठी संस्थेची गाडी पाठविण्यात येईल." आयुष्यभरात इतकं सफाईदार वाक्य मी लिहिलं नव्हतं.

"कवा?"

"लवकरच."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. ही प्रत ऑफिसात लागते, असं सांगून मी तो घडी करून खिशात घातला आणि निघून आलो. पुन्हा जाऊन खरं सांगायचं, असं महिनाभर ठरवत होतो. गेलो नाही. नव्या इमारतीच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका लिहायची होती.

मेस्त्री गेल्याचा निरोप आला तो दिवसकार्य उरकल्यावर. मी गेलो. पुतण्या कामावर होता, त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. आश्रमातून आलोय म्हटल्यावर तिने पाणी दिलं आणि मी न विचारताच बोलू लागली.

"सात महिने रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून इथंच बसायचे. पिशवी भरून पायाशी. दुपारी जेवाय बोलवलं तरी आत येईनात. म्हनायचे, गाडी आली आनि मी आत असलो तर? आम्ही भांडायचो त्यांच्याशी. कोन येत नाय तुमाला न्यायला, येडे झाले तुमी. तर म्हनायचे, सायबांनी सोताच्या तोंडानं वाचून दावलंय. ते सरकारातले मानूस हायत." तिने पदराने डोळे टिपले. "शेवटाला तर आम्ही त्यांना फार बोललो, भाऊ. तुम्ही आश्रमातले ना? एक सांगा. खरंच येनार होती गाडी?"

ती माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हो," मी म्हणालो. "याच आठवड्यात येणार होती."