लाडाच्या नावाचा पासवर्ड

लॅबमध्ये रक्त काढणाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत. पेशंटना घरबसल्या रिपोर्ट दाखवणारी वेबसाइट नानांनी एकहाती उभी केली होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये मधेमधे मनातलं लिहून ठेवायची त्यांना खोड होती. वाचणार कोण? पेशंटला दिसायचा तो फक्त रिपोर्ट.

त्या सकाळी त्यांनी वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि निर्धास्तपणे चहाला गेले. परत येतात तर काउंटरवरची मुलगी गोंधळलेली. एका पेशंटला रिपोर्टऐवजी इंग्रजी अक्षरांचं रान दिसत होतं, आणि त्यात ही मराठी ओळ: 'थायरॉइडचा तक्ता डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बदलायला लावला. देव त्यांना बुद्धी देवो.'

नानांच्या पायाखालची वाळू सरकली. नव्या सर्व्हरला प्रोग्रॅम चालवायला सांगायचंच राहून गेलं होतं. त्यामुळे तो बिचारा मागेल त्याच्या हातात अख्खा प्रोग्रॅमच ठेवत होता. डॉक्टरांचं एक वेळ सोडा, पण पेशंटच्या माहितीचा पासवर्ड एकेकाळी त्याच फाइलमध्ये होता. तो कुणा भामट्याने उचलला, तर हजारो लोकांची दुखणी चव्हाट्यावर आली असती.

पासवर्ड म्हणजे बायकोचं लाडाचं नाव. गेल्या वर्षी ते तिच्या नजरेस पडलं, तेव्हा ती फणकारली होती, "माझं नाव असं चारचौघांत टांगू नका. आत कुठेतरी ठेवा." नाना "हो" म्हणाले होते. पण पस्तीस वर्षांच्या संसारात ते कितीदा नुसतंच हो म्हणाले होते, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ते नाव खरंच हलवलं होतं का, हे काही आठवेना. त्यांनी साइट बंद केली आणि फाइल उघडली. नाव नव्हतं. ते वेगळ्या फाइलमध्ये, बाहेरच्यांचा हात पोहोचणार नाही अशा जागी होतं. नानांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. तरीही त्यांनी पासवर्ड बदलला, सर्व्हरची चूक सुधारली आणि ती फाइल कोणी पाहिली याची नोंद तपासली. पाहणारे दोघेच: एक तो पेशंट आणि दुसरे, केबिनमधून, खुद्द डॉक्टर.

दुपारी डॉक्टर जाताजाता एवढंच म्हणाले, "नाना, तक्ता राहू द्या तसाच."

मग नानांनी घरी फोन लावला. "तुझं ऐकलं होतं म्हणून आज वाचलो बघ."



"माझं ऐकलंत?" बायकोने विचारलं. "कधी?"