मिलिग्रॅम आणि नाक झिजलेली राणी

वजनमाप खात्यातल्या या निरीक्षकाला सगळे पाठीमागे ‘मिलिग्रॅम’ म्हणतात. तोंडावर अर्थातच साहेब. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दंड करायचा, ही त्याची नोकरी. पण नोकरी संध्याकाळी संपते, संशय संपत नाही. घरी आणलेलं साखरेचं पाकीट तो पुन्हा तोलतो. सासऱ्यांनी लेकीला दिलेली सोन्याची साखळी त्याने एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत तोलली होती. वजन चोख निघालं. सासरे त्यानंतर या घरात जेवायला थांबलेले नाहीत.

असा माणूस फसणं शक्य नाही, असं त्याच्या बायकोचंही मत होतं. ती घरी बसून इस्पितळाचे गणवेश शिवते. जाड कापड आलं की जुनं मशीन अडायचं, टाके सुटायचे. इस्पितळाने सांगितलं होतं, महिनाअखेरीपर्यंत मोठं मशीन घ्या, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. मशीनसाठी साठवलेले पैसे तिने नवऱ्याच्या हवाली केले.

“तुमच्याकडेच असू द्या. माझ्याकडे राहिले तर काहीतरी खर्च निघतोच.”

आता मिलिग्रॅमला एकच छंद, जुन्या नाण्यांचा. त्याच्या अल्बममध्ये एक खण रिकामा होता. कुठल्याशा बेटावरच्या राणीचं अमुक एका सालचं चांदीचं नाणं; त्या साली अशी नाणी फार थोडी पाडली होती. बसथांब्यामागच्या जिन्याखाली नाण्यांचं एक चिंचोळं दुकान आहे, तिथे ते होतं.

“किंमत सांगतोस की दरोडा घालतोस?” मिलिग्रॅमने विचारलं.

“साहेब, हातात घ्या, भिंगाखाली बघा,” दुकानदार म्हणाला. “पावती देतो. खोटं निघालं तर शिव्या घालायला या, मी इथेच बसलेला असतो.”

मिलिग्रॅमला शिव्या घालण्यात रस नव्हता, स्वस्तात रस होता. त्याने फोन उघडला आणि एका वेबसाइटवर समुद्रापलीकडचा एक विक्रेता शोधला. तेच साल, तीच राणी, निम्मी किंमत. त्याने पहिला प्रश्न अर्थातच वजनाचा केला. विक्रेत्याने काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो पाठवला. आकडा तीन दशांशांपर्यंत.

मिलिग्रॅम विरघळला. खोटं बोलणारा माणूस कशाला तीन दशांशांपर्यंत जाईल? फोटोतल्या काट्यावर कुठल्याही खात्याचा शिक्का नव्हता. असा काटा एखाद्या भाजीवाल्याकडे सापडता तर साहेबांनी तो जप्त केला असता.

विक्रेता फार गोड होता. म्हणाला, ब्रदर, या वेबसाइटवरून पैसे दिलेस तर ते कमिशन खातात. मला थेट पाठव, ‘मित्र आणि कुटुंबीय’ हा पर्याय निवड. पाकिटावर मी ‘बटणं, भेट’ असं लिहीन, म्हणजे तुझा आयात करही वाचेल. साखरेच्या पुड्यावर चुकीचं लेबल लावलं म्हणून लोकांना दंड करणाऱ्या निरीक्षकाला ही कल्पना एकदम पसंत पडली.

पैसे पाठवताना अ‍ॅपने विचारलं, तुम्ही या व्यक्तीला ओळखता का? हे पैसे परत मिळणार नाहीत. मिलिग्रॅमने ‘हो’ दाबलं. बायकोच्या चुलतभावाला तो रस्त्यात ओळख देत नाही, पण या ब्रदरला त्याने एका बोटात घरचा केला. आणि गेले ते पैसे मशीनचे. नाणं पूर्ण किमतीला विकू, मशीन घेऊन वर चार पैसे उरतील, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

पाकीट आलं, हीच पहिली नवलाई. राणी छान जुनाट दिसत होती, नाक झिजलेलं, मुकुट पुसट. मिलिग्रॅमने तिला ऑफिसातल्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवलं. टांकसाळीने ठरवलेलं वजन पुस्तकात दिलं होतं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं! ऑफिसभर त्याने ते मिरवलं. “जिन्याखालचा तो लुटारू बसला असेल माश्या मारत!”

पुढच्या आठवड्यात तो एका किराणावाल्याची वजनं तपासत होता. पितळी वजन गुळगुळीत झालेलं, त्यावरचा आकडाही वाचता येईना.

“साहेब, वडिलांच्या वेळचं आहे,” किराणावाला गयावया करू लागला. “कधी पाडलं नाही, कधी घासलं नाही. वजन कसं कमी होईल?”

“अरे बाबा, आकडा झिजला म्हणजे धातू गेला,” मिलिग्रॅम शंभरदा म्हटलेलं वाक्य म्हणाला. “धातू गेला की वजन घटणारच. नाक पुसलं गेलं आणि वजन तसंच राहिलं, असं कधी...”

तो थांबला.

“कुणाचं नाक, साहेब?” किराणावाल्याने विचारलं.

साहेब दंड न करताच निघून गेले. बाजारात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

ब्रदरने फोन उचलला नाही. वेबसाइट म्हणाली, विक्री आमच्याकडे झालेलीच नाही. अ‍ॅपवाल्यांनी कळवलं, आपण मित्राला स्वखुशीने पैसे दिलेत, आणि कागदोपत्री मित्राने आपल्याला बटणं भेट पाठवली आहेत. तक्रार नेमकी काय आहे?

महिना संपत आला होता. शेवटी बायकोला सांगावंच लागलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने कात्री खाली ठेवली, आतून अल्बम आणला आणि चपला घातल्या.

“चला.”

“कुठे?”

“तुमच्या लुटारूकडे.”

जिन्याखालच्या दुकानदाराने आधी राणी भिंगाखाली धरली. “वहिनी, हे साच्यातून काढलंय. झीजसुद्धा साच्यातलीच. चांदीचा तर वाससुद्धा नाही.” राणी त्याने बाजूला सारली आणि अल्बममधली खरी नाणी एकेक काढून बघितली. मग आकडा सांगितला.

“निम्म्यात मागतोय!” मिलिग्रॅम उसळला. “अगं, लुबाडतोय हा आपल्याला!”

“लुबाडत असेल. पण समोर बसून लुबाडतोय,” बायको म्हणाली. “उद्या येऊन याच्याशी भांडता येतं. तुमच्या त्या ब्रदरचं दार कुठे ठोठावायचं?” मग ती दुकानदाराकडे वळली. “भाऊ, मशीन केवढ्याला येतं ते मला माहीत आहे. तेवढे द्या, अल्बम घ्या. नाहीतर मी दुसरीकडे विचारते.”

थोडी घासाघीस झाली. मिलिग्रॅमने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा बायकोने हात वर केला. दुकानदार तेवढ्यावर आला. पैसे तिने स्वतः मोजले आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवले.

मशीन त्याच दिवशी घेतलं. ते इतकं जड होतं की दुकानातल्या हमालाला एकट्याला उचलेना. दुसरी बाजू मिलिग्रॅमने धरली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो धापा टाकत चढला, आणि मागून येणारी बायको प्रत्येक वळणावर हमालालाच सांगत होती, “सांभाळून हं दादा, त्यांच्या भरवशावर सोडू नका.”