दसऱ्याचं जहाज

आमच्या मंगरूळच्या कापसाच्या जिनिंगचा गाडीवान आधी बैलांशी बोलायचा, मग माणसांशी. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसायचा आणि प्रत्येक बोलणं "आयका बाबू" म्हणून सुरू करायचा. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण कारकून असल्यामुळे ते कबूल करत नसे.

त्या आषाढात इंजिनाचं मोठं लोखंडी चाक विलायतेहून मागवायचं होतं. वेगाच्या डाकबोटीनं पाठवू की सावकाश येणाऱ्या मालजहाजानं, असं मुंबईच्या एजंटानं विचारलं होतं. डाकबोटीनं चाक पोळ्याआधी कारंज्याच्या स्टेशनावर उतरणार होतं, मालजहाजानं दसऱ्याला. तिथून पुढं ते बैलगाडीनंच आणायचं होतं. मालकांनी निवड माझ्यावर सोडली होती. मी एजंटाच्या पत्रात डाकबोट लिहून मोकळा झालो.

गाडीवानाला हे कळलं, तसा तो काठी उचलून निघून गेला. दुपारी परतला तेव्हा कमरेपर्यंत भिजला होता. कारंज्याच्या वाटेवरच्या नाल्यात खुपसलेली काठी त्यानं माझ्या पत्रावरच आडवी ठेवली. अर्ध्या काठीला काळा गाळ होता.

"आयका बाबू. मांगच्या साली याच नाल्यात माह्या बैलाचा पाय मोडला. तुमची बोट इथं चालते काय? चाक दसऱ्याले येऊ द्या. आधी आलं त मी गाडी जुपत नाही."

"मालक तुला काढून टाकतील."

"काढू द्या. बैल त माहेच हायेत."

मी डाकबोट खोडून मालजहाज लिहिलं. पत्र चिखलानं माखलं होतं, म्हणून नवा कागद घेतला, तर त्यानं माझा हात धरला.

"हेच धाडा. मुंबईवाल्याले बी दिसू द्या आपला रस्ता."