तारबाईंची अडखळती गाडी

"आता तुमचं वय झालं," असं कुणी म्हटलं की तारबाई म्हणत, "झालं ना? मग आता काळजी कसली? सुखाने गाडी चालवते." हे उत्तर त्यांनी इतक्या जणांच्या तोंडावर फेकलं होतं की गल्लीत त्यांच्या वयाचा विषय कुणी काढत नसे. काढायचा तो एकटा त्यांचा मुलगा. त्या बिचाऱ्याला पर्याय नव्हता.

नाव पडलं ते टेलिफोन एक्स्चेंजमुळे. अख्खी नोकरी त्यांनी तिथे तारा बांधण्यात घालवली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवरून धावणाऱ्या हजारो बारीक तारा, आणि त्या तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने, सारख्या अंतरावर गाठी मारून, घट्ट बांधायच्या. एखाद्या गाठीचं तोंड भलतीकडे वळलं तरी तारबाई अख्खी जुडी सोडायला लावत. हाताखालच्या पोरी त्यांच्या नावाने बोटं मोडत, आणि दुसऱ्या खात्यात बदली झाली की तिथे जाऊन त्यांच्यासारख्याच गाठी मारत.

धाकटी बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऑपरेटर होती, कानाला यंत्र लावून लोकांच्या लायनी जोडून देणारी. तिने लग्न केलं नाही. तारबाईंनी केलं, संसार केला, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि तो गेल्यावर दोघी बहिणी चढावरच्या घरात एकत्र राहू लागल्या. धाकटीची नजर आता अधू झाली होती आणि गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिला होता. कान मात्र शाबूत होते, आणि जीभही.

घर चढाच्या अगदी टोकाला. रस्ता असा उभा की दूधवालाही बाटल्या खालच्या दुकानात ठेवून सटके. धाकटीला दवाखान्यात न्यायचं, बाजार आणायचा, सगळं त्या जुन्या गाडीच्या जिवावर. गाडी मुलगा शाळेत होता तेव्हाची. कॉम्प्युटर तिच्यात औषधालाही नव्हता. तेल, पाणी, हवा, सगळं तारबाई स्वतः बघत. गाडी होती म्हणून घर होतं, आणि घर होतं म्हणून दोघी एकत्र होत्या. इतका साधा हिशेब होता.

आणि हीच गाडी एका दुपारी दवाखान्यातून परतताना ऐन चढावर अडखळायला लागली. आधी नुसती कुरकुर, मग हिसके, मग ठप्प. मागे उतार, कडेला गटार, आत धाकटी. गाडी हातभर मागे घसरली तेवढ्यात तारबाईंनी हँडब्रेक खेचला आणि चाक वळवून कठड्याला टेकवलं. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण खालच्या दुकानदाराला राहवलं नाही, त्याने मुलाला फोन केला, आणि संध्याकाळच्या आत मुलगा दारात हजर.

"आई, आता पुरे," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "गाडी विकून टाकू. आणि गाडी गेल्यावर तुम्ही दोघी इथे कशा राहणार? तू माझ्याकडे चल. माझ्याकडे जागा एकाचीच आहे, म्हणून मावशीचं मी मामाच्या मुलीशी, तिच्या भाचीशी बोललोय. ती तयार आहे."

"माझ्याशी बोललास?" धाकटीने विचारलं.

मुलगा आता खुर्चीत बसला. तो काही वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याचं सामान बांधायला घेतो.

"बिघाड गाडीत आहे की माझ्यात?" तारबाईंनी विचारलं.

"दोन्हीत," मुलगा म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

तारबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराच्या कानाखाली वाजवायचं वय गेलं होतं, त्याचं. त्यांचं नव्हतं. पण त्यांनी हात आवरला. "रविवारी ये," त्या म्हणाल्या. "तू आणि मावशी, दोघं गाडीत बसा. मी चढ चढवून दाखवते. एकदा जरी अडखळली तर किल्ली तुझ्या हातात देते आणि निमूटपणे तुझ्या मागून येते. नाही अडखळली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल."

"छान," धाकटी म्हणाली. "त्याने मला भाचीकडे पाठवलं, तू मला पैजेवर लावलंस. मला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतला मिस्त्री आला. त्याने नवे प्लग टाकले, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. गाडी अंगणात शहाण्या मुलीसारखी चालली आणि चढावर पुन्हा मिसिंग मारू लागली, मधेच एकेक ठोका चुकवू लागली. मिस्त्रीने हात टेकले. हल्लीच्या गाड्यांना यंत्र जोडलं की त्या आपलं दुखणं आपणच सांगतात, ही म्हातारी तोंड उघडायला तयार नव्हती. "बाई, इंजिन थकलंय," तो म्हणाला. "पूर्ण खोलावं लागेल. रविवारपर्यंत काही जमायचं नाही." आणि बॉनेट लावता लावता म्हणाला, "पण वायरी काय सुरेख बांधल्यात हो. कुणाचं काम?"

"माझं," तारबाई म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

काम त्यांचंच होतं. मधे एकदा बॉनेट साफ करताना त्यांच्या डोळ्यांत खुपल्या होत्या त्या चार जाड वायरी, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून चार प्लगांकडे जाणाऱ्या. मधे प्लॅस्टिकची एक कंगव्यासारखी पट्टी, तिच्या खाचांतून चौघी सुट्या सुट्या लोंबकळत होत्या. हे काय काम झालं? तारबाईंनी पट्टी काढून फेकून दिली, कपाटातून मेणाचा दोरा काढला, आणि चारी वायरींची एक जुडी करून अशा गाठी मारल्या की पाहणाऱ्याने पाहतच राहावं.

मिस्त्री गेल्यावर त्यांनी गाडी अंगणात चालू ठेवली, हातात जाड रबरी मोजे चढवले, आणि एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढली की इंजिन थरथरायचं, परत लावली की सावरायचं. चारही सिलिंडर आपापलं काम करत होते. ज्याची वायर काढून काहीच फरक पडला नसता तो कामचोर ठरला असता, पण तसा एकही निघाला नाही.

"मग चढावरच काय धाड भरते मेल्यांना?" तारबाई म्हणाल्या.

धाकटी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. "ताई, जरा जोर दे बघू." तारबाईंनी ॲक्सिलरेटर दाबून धरला. धाकटीने मान तिरकी करून ऐकलं, मग हात हलवून बंद करायला सांगितलं.

"पेट्रोल कमी पडत असतं तर सगळीच चाल मंदावली असती," ती म्हणाली. "हे तसं नाही. एकजण बोलतोय आणि त्याच्या वाक्यात दुसरा घुसतोय. आपल्याकडे काय म्हणायचे? क्रॉस कनेक्शन. एका बाईची लायन कसायाच्या लायनीत घुसायची आणि दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे, तसं."

"काहीतरीच," तारबाई म्हणाल्या.

पण त्या घरात गेल्या, चहा टाकला, तो गाळायचंही विसरल्या. क्रॉस कनेक्शन कशाने होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक्स्चेंजमध्ये तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असायचा, कोणती तार कुणाला चिकटली आहे. त्यांना उत्तर कळलं होतं. ते आवडलं नव्हतं, एवढंच.

बाहेर आल्या त्या थंडीतलं जाड ब्लँकेट आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन. धाकटीला हाताला धरून गाडीत बसवलं. "मी सांगेन तेव्हा दाबायचं, सांगेन तेव्हा सोडायचं. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

"गिअर कुठला तेही मला दिसत नाही, हात कशाला लावू?"

तारबाईंनी केस घट्ट बांधले, पंख्याची बाजू मोकळी राहील असं ब्लँकेट बॉनेटवर अंथरलं, आणि जुन्या फोटोवाल्यासारखं डोकं आत घातलं. आत भर दुपारी अंधार. वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. "दाब!"

आणि त्यांना दिसलं. त्यांच्याच तिसऱ्या गाठीपाशी एक निळी ठिणगी एका वायरीवरून दुसरीवर उडी मारत होती. पुन्हा. आणि पुन्हा. दोरा इतका घट्ट आवळला होता की जुन्या रबरात रुतून चीर पडली होती. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी शेजारच्या चौथ्यात शिरत होती, त्याची पाळी यायच्या आधीच. सपाटीवर ठिणगीला फारसा जोर लागत नाही. चढावर लागतो, आणि जोर लागला की ती जवळची वाट धरते. ती वाट तारबाईंनी तिला करून दिली होती, सारख्या अंतरावर गाठी मारून. आणि ती कंगव्यासारखी पट्टी? या चौघींनी एकमेकींना शिवू नये म्हणूनच कुणीतरी ती तिथे लावली होती.

त्यांना लाज वाटली. आणि तारबाईंना लाज वाटली की पाठोपाठ राग येई. त्या बराच वेळ ब्लँकेटखालून बाहेर आल्या नाहीत. ज्या हातांच्या कामात कधी कुणाला खोट काढता आली नव्हती, त्या हातांनीच धाकटीला उतारावर लोटलं होतं.

"सापडलं?" धाकटीने हाक मारली. "माझा पाय दुखायला लागलाय."

तारबाईंनी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि आपल्या गाठी कापल्या, एकेक करून. खाली जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानातून नव्या वायरी आणल्या. पट्टी काही मिळेना, तेव्हा भाजी चिरायच्या प्लॅस्टिकच्या फळीचा एक तुकडा करवतीने कापला, त्याला चार खाचा पाडल्या, आणि वायरी एकमेकींपासून दोन बोटं लांब बसवल्या. दिसायला ओंगळ दिसत होतं. त्यांनी डोळे मिटून बॉनेट लावलं.

"पोराला यातलं एक अक्षर सांगू नकोस," रात्रीच्या जेवणाला धाकटी म्हणाली. "चढ चढली की झालं. कशामुळे बिघडली होती हे त्याने विचारलंय का?"

"मी कशाला सांगायला जाऊ?" तारबाई म्हणाल्या.

रविवारी मुलगा आला. धाकटी मागे, तो पुढे. तारबाईंनी गाडी उतरवून खालच्या दुकानापर्यंत नेली, वळवली, आणि चढाला लावली. मुलाने दाराचा दांडा धरला होता आणि दोन्ही पाय पुढे रोवले होते. गाडीने पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. इंजिन एका सुरात चाललं होतं. ज्या कठड्याला चाक टेकवलं होतं तिथे तारबाईंनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"आई, काय करतेस?"

"घाबरू नकोस." त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, केसभरही मागे न सरकता वर निघाली आणि घरापाशी येऊन उभी राहिली. मागून धाकटीने सुस्कारा सोडला.

मुलाचा चेहरा सैल पडला. तो हसला. "चला, मिस्त्रीचा हात चांगला आहे म्हणायचं. मी त्याला उगाच नावं ठेवली."

आता इथे मूग गिळून बसायचं, एवढंच काम होतं. पैज जिंकली होती. धाकटीने मागून सीटला गुडघा लावून तेवढी सूचनाही दिली. पण मिस्त्रीचा हात?

"मिस्त्रीचा कशाला?" तारबाई म्हणाल्या. "त्याला नाही सापडलं. मला सापडलं. मावशीने ऐकलं आणि मी शोधलं."

"काय होतं?"

"वायरी एकमेकींत घुसत होत्या. मीच बांधल्या होत्या त्या."

"देवा," धाकटी म्हणाली.

मुलाचं हसू मावळलं. "म्हणजे तुझीच चूक होती. मी तेच म्हणत होतो, आई. आज वायरी बांधल्यास, उद्या आणखी काही करशील. मावशीला घेऊन. मग?"

"करीन," तारबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चुका करीन आणि शोधीनही. ज्या दिवशी शोधता येणार नाही त्या दिवशी मीच तुला फोन करीन, दुकानदाराची गरज पडायची नाही. पण चूक झाली म्हणून माणसाने घर सोडायचं, बहिणीला भाचीच्या दारात टाकायचं, हा कुठला न्याय? तू चुकलास की तुझं घर कोण बंद करतं?"

मुलाने मागे वळून मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मला दिसत नाही," धाकटी म्हणाली. "पण या वेळी मला कुणी विचारलं तर मी इथेच राहणार आहे."

मुलाने उतरून मावशीला हात दिला, तिला दारापर्यंत नेलं, आत बसवलं. तिथे न थांबता तो परत गाडीशी आला आणि पुढचं दार उघडून बसला.

"स्टेशनला सोडतेस?" त्याने विचारलं.

"सोडते. पण उतारावर ते पाय रोवून बसायचं बंद कर," तारबाई म्हणाल्या. "या गाडीला पायाचा ब्रेक एकच आहे, आणि तो माझ्या पायाखाली आहे."