विहिरीखालचे वीस गुंठे

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा दिवस. पावशेर मिरचीचं बी, दोन वाफे आणि विहिरीखालचे वीस गुंठे — एवढ्याचा करार. हजर चौघं: गावचे पाटील, मी, माझी बायको, आणि दाराआड उभी असलेली माझ्या धाकट्या भावाची विधवा, चंद्रा.

भाऊ तापाच्या साथीत गेला, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाटलांनी ठरवलं — चंद्रानं स्वतः रोप करून मिरची लावून दाखवली तर वीस गुंठे तिच्या पट्ट्यावर. नाही जमलं तर माझ्या घरी दोन वेळची भाकरी. मी मान डोलावली. पण विहिरीची ओल तेवढ्याच तुकड्याला पोचायची. तो सोडायचा कसा?

तिचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. मेंढीच्या कानाला हात लावून ती ताप सांगायची, पण बी कधी पेरलेलं नव्हतं. भिजवायचं कसं, हे तिनं बायकोकडून मला विचारवलं. आमच्याकडे भासरा, म्हणजे थोरला दीर, भावजयीशी थेट बोलत नाही; बायको मध्ये असते.

त्या दिवशी नव्हती. ती विहिरीवर गेलेली बघून — हो, बघूनच — मी चुलीच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि पहिल्यांदाच थेट बोललो. “बी निबर हाय. गार पाण्यात मोड धरायचं न्हाई. उकळतं पाणी वत अन् रातभर झाकून ठिव.”

तिनं पदर आणखी पुढं ओढला. “व्हय दादा,” म्हणाली. आवाजात काय होतं, सांगू? आनंद. भासऱ्यानं आपल्याला बोलण्याजोगं मानलं, म्हणून.

तुम्ही म्हणाल, मग नंतर तिनं हे चारचौघांत सांगितलं कसं नाही? तेच तर मी आधी हिशेबात धरलं होतं. घरात कोणी नसताना भासरा बोलायला आला, हे तरण्या विधवेनं कोणत्या तोंडानं सांगावं? आधी तिचंच नाव गेलं असतं.

बायकोनं त्याच पुरचुंडीतलं बी गार पाण्यात भिजवून शेजारच्या वाफ्यात टाकलं. आठवडा सरला आणि हिरवी टोकं वर आली. चंद्राचे वाफे काळेच. ती सकाळ-संध्याकाळ तांब्यातलं पाणी बोटांमधून शिंपडायची, बी उघडं पडू नये म्हणून. चिमण्या हाकलायची. मेलेल्या बियांवरून चिमण्या हाकलायची — आणि मी बाजेवर बसून बघायचो. थांबवलं? उलट बायकोकडून निरोप धाडला, पाणी कमी पडतंय म्हणावं.

पाटील आले, काठीनं वाफा उकरला आणि हसले. “हिच्या हाताला येशच न्हाई बे. हिनं लावलं तर गवतबी उगवायचं न्हाई.” मीही हसलो. ती दाराआडच होती.

पुढं ते गावभर झालं. पेरणीच्या दिवशी तिला कोणी बियाला हात लावू देईना. बायकोची रोपं त्याच वीस गुंठ्यांत लागली, तेव्हा चंद्राला बांधापलीकडं बसवलं. तिनं आमच्या भाकरी डोक्यावरून आणल्या आणि बांधावर ठेवून मागं सरली.

दुसऱ्या वर्षी बायको बी भिजवत होती. मी ओसरीवर पान लावत होतो. चंद्रा म्हणाली, “बाई, गार पाणी घेता व्हय?”

“मंग? शिजवून खायचंय का काय?” बायको हसली.

चंद्रानं माझ्याकडे बघितलं. सरळ, पदर न ओढता. तेवढं एकदाच. मग पीठ मळायला बसली. त्यानंतर अकरा वर्षं ती या घरात होती. त्यावर एक शब्द बोलली नाही. तेव्हा मला लाज वाटली का? खोटं कशाला सांगू — हायसं वाटलं. गणित बरोबर निघालं, एवढंच मनात आलं.

मिरची दर साल अंबाजोगाईच्या बाजारात मीच विकली. चंद्रा गेली, त्या दिवशी सरणाच्या लाकडांचे साडेतीन हाली रुपये, निजामाच्या नाण्यात, झाले. ते मी मिरचीच्या पैशांतून लाकूडवाल्याला दिले.