अर्धी शिल्लक ठेवून

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी सासऱ्यांवर आला तसा क्वचितच आला असेल. पावसाळा सरला, आता गावाबाहेरच्या तळ्यात नाव सोडू म्हणून मी कपाटातला डबा काढला, आणि बघते तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली.

नाव म्हणजे रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची. मी बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सुट्टीच्या दिवशी फायबरचे तुकडे जोडून ती मीच बांधली, आणि बांधली ती सासऱ्यांसाठी. सारा जन्म त्यांचा मासेमारीत गेला, स्वतःच्या बोटीचे तांडेल होते. गुडघे गेले तेव्हा बोट विकली आणि मग माणूस ओटीवर बसला तो बसलाच. कुठे चला म्हटलं तर, "माजं काय काम हाय तिकडं?" हे ठरलेलं उत्तर. ही छोटी नाव आली आणि ते निदान तळ्यापर्यंत यायला लागले. रिमोट हातात घेतला की पाठ ताठ व्हायची, आवाज चढायचा. मला तेवढं पुरे होतं.

"बाबा, ही बॅटरी भरून कोणी ठेवली?"

"मी," ते ऐटीत म्हणाले. "पावसाळ्यात नाव वर काढली का टाकी भरूनच ठेवायची आसते. रिकामी रायली तर आत पानी धरतं, गंज चढतो."

घ्या! आता बोला! डिझेलच्या टाकीला हे अगदी खरं आहे, किनाऱ्यावरची जाणती माणसं असंच करतात. पण लिथियमची जातच निराळी. पार रिकामी केली तर ती मरते, आणि काठोकाठ भरून महिनोन्‌महिने नुसती ठेवली तर फुगते. मी ती अर्ध्यावर आणून ठेवली होती. यांनी माझ्यामागे, मायेनंच म्हणा, चार्जरला लावून गच्च भरली.

"अहो, विचारायचं तरी! पेटली असती म्हणजे घरात!" मी तोंड सोडलं ते सोडलंच.

ती बॅटरी अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली, स्कूटरचा जुना बल्ब जोडून हळूहळू रिकामी केली आणि कारखान्यातल्या ई-कचऱ्यात देऊन टाकली. तोवर माझा राग उतरलाही होता. मी नवी बॅटरी आणली. सासऱ्यांचं मन मात्र उडालं ते उडालंच. रिमोट पुढे केला की हात मागे. "एक नाव इकली, दुसरी मारली. आता मला नको सांगू. तूच चालव."

मला भीती वाटली. हे आता पुन्हा ओटीवरून उठायचे नाहीत.

मग मीही हट्टाला पेटले. व्होल्टेज दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि रोज चहाच्या वेळी शिकवणी सुरू केली. एका सेलला चार पूर्णांक दोन म्हणजे टाकी फुल. साडेतीनला नावेतला बझर कोकलतो, त्याच्या आधीच परत फिरायचं. घरी ठेवायची तर तीन पूर्णांक आठ.

"म्हंजे भरलेली पन नको, रिकामी पन नको," ते म्हणाले. "लय नखरे हायत गो तुज्या बॅटरीचे."

"असू देत. तुमच्या मुलापेक्षा कमीच आहेत."

तेव्हा कुठे हसले. रविवारी तळ्यावर आले, रिमोटही घेतला. पण मी शेजारी उभी. वारं पाठीवर होतं, नाव भुर्रकन पलीकडे गेली, आणि येताना वारं तोंडावर घेऊन बॅटरी जास्त खाणार हे मला दिसत होतं. "वळवा बाबा. आता वळवा! थ्रॉटल कमी करा. अहो, आणा ना परत!" केळव्याला फिरायला आलेली मुंबईची मंडळी वाट वाकडी करून बघत उभी होती, ती हसायला लागली. सासऱ्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला. "तू हायस तर त्या बझरचं काय काम?" म्हणाले आणि घराकडे चालू लागले. पुढे कितीतरी दिवस नावेचा विषय नाही.

एका संध्याकाळी कामावरून आले तर ओटी रिकामी. घरात हाक मारली, उत्तर नाही. कपाट उघडं, डबा उघडा, नाव गायब. त्यांचे ते गुडघे आणि तळ्याचा शेवाळलेला काठ! चपला कुठल्या घातल्या तेही न बघता मी पळत सुटले.

ते काठावर उभे होते. एकटेच. नाव वाऱ्याच्या तोंडावर, न घाबरता, सावकाश येत होती. बझर गप्प होता. मी धापा टाकत पोचले तरी त्यांनी मान वळवली नाही. नाव काठाला लागली तेव्हा एका हातानं गुडघा धरून वाकले, ती वर घेतली, बॅटरीला यंत्र लावलं, हात लांब करून आकडा वाचला आणि माझ्यापुढे धरलं. तीन पूर्णांक आठ.

"सांगून नाही का यायचं? पडला असता म्हणजे?"

"वरडतेस काय? अर्धी शिल्लक ठेवून आनली ना?"

"पण माझी वाट बघायला काय झालं होतं?"

खांद्यावरच्या पंच्यानं ते नावेचं बूड पुसत होते. पुसून झालं, मग म्हणाले, "तू बाजूला आसलीस ना, तर नाव तूच चालवतेस पोरी. रिमोट नुसता माज्या हातात आसतो."

खरंच होतं ते. आणि तरी मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी नाव घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी घेतो."